ओपनपायएक्सएलच्या रीड-ओन्ली मोडमध्ये मर्ज केलेल्या सेलची माहिती मिळत नाही. ही सोय लायब्ररीत कशी घालावी?

मंडळनिहाय (प्रश्न)

नमस्कार. पायथॉनमधील ओपनपायएक्सएल या, एक्सेलच्या फायली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीविषयी एक प्रश्न आहे. तो नीट कळावा म्हणून आधी कामाचे स्वरूप सांगतो.

माझ्याकडे महसूल मंडळनिहाय दैनंदिन पावसाच्या नोंदी एक्सेलच्या फायलींमध्ये येतात. पहिल्या रकान्यात जिल्हा, दुसऱ्यात तालुका, तिसऱ्यात मंडळ, चौथ्यात तारीख आणि पाचव्यात मिलिमीटरमधील पाऊस अशी मांडणी असते. फाईल तयार करणारे लोक तालुक्याचे नाव प्रत्येक ओळीत लिहीत नाहीत. ते एकदाच लिहून खालच्या सगळ्या मंडळांपर्यंतचे सेल मर्ज करतात. छापील तक्त्यासाठी ही पद्धत चांगलीच आहे, पण प्रोग्रामने वाचताना गटाच्या पहिल्या ओळीत तालुका मिळतो आणि उरलेल्या ओळींत तो रकाना रिकामा येतो.

अनेक वर्षांच्या नोंदी एकाच शीटमध्ये असल्याने ओळींची संख्या लाखांच्या घरात जाते. सामान्य मोडमध्ये फाईल उघडली की मर्ज केलेल्या सेलची यादी मिळते, परंतु मेमरी पुरत नाही. फाईलच्या आकाराच्या सुमारे ५० पट मेमरी लागते, म्हणजे ५० एमबीच्या फाईलला सुमारे २.५ जीबी, असे लायब्ररीच्या दस्तऐवजातच नमूद आहे. रीड-ओन्ली मोडमध्ये (यात फाईल फक्त वाचता येते आणि ओळी एकेक करून मिळतात) मेमरीचा प्रश्न सुटतो, पण तिथे मर्ज केलेल्या सेलची यादी मागितली की असा गुणधर्मच नाही, अशी त्रुटी येते.

वरच्या ओळीतील नाव खाली ओढत न्यावे, हा नेहमीचा उपाय मला पुरेसा वाटत नाही. समजा, बी३ ते बी१७ हे सेल मर्ज केलेले आहेत आणि त्यांत एका तालुक्याचे नाव आहे. बी१८ मर्ज केलेला नाही आणि तो खरोखरच रिकामा आहे, कारण त्या ओळीत तालुका न ठरलेल्या केंद्राची नोंद आहे. नाव सरसकट खाली ओढले, तर त्या केंद्राचा पाऊस वरच्या तालुक्याच्या खात्यात जमा होतो आणि बेरीज चुकल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. मर्ज केल्यामुळे रिकामा दिसणारा सेल आणि मुळातच रिकामा असलेला सेल यांतला फरक मला फाईलमधूनच हवा आहे.

ही सोय लायब्ररीत घालण्यासाठी वेळ देण्याची माझी तयारी आहे. ती आजवर का नाही, घालायची तर कुठे हात घालावा आणि असा बदल स्वीकारला जावा म्हणून काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

ओळवाचक

ही सोय का नाही, याचे कारण फाईलच्या रचनेत आहे. ते समजून न घेता कोड लिहायला बसलात, तर चुकीच्या ठिकाणी बदल कराल, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

एक्सएलएसएक्स फाईल, म्हणजे एक्सेलची नेहमीची फाईल, हा अनेक एक्सएमएल (टॅगांनी बांधलेल्या मजकुराच्या) फायलींचा एक झिप असतो. प्रत्येक शीटची स्वतंत्र एक्सएमएल फाईल असते आणि तिच्यातील घटक कोणत्या क्रमाने यावेत, हे मानकाने ठरवून दिलेले आहे. हे मानक २००६ मध्ये ईसीएमए-३७६ म्हणून आणि २००८ मध्ये आयएसओ/आयईसी २९५०० म्हणून प्रसिद्ध झाले. त्या क्रमानुसार आधी शीटची व्याप्ती, दृश्याची मांडणी आणि रकान्यांची रुंदी येते, मग 'शीटडेटा' या घटकात सगळ्या ओळी येतात, आणि त्यानंतर संरक्षण, ऑटोफिल्टर वगैरे मंडळी येऊन गेल्यावर 'मर्जसेल्स' हा घटक येतो. सशर्त स्वरूपण, डेटा व्हॅलिडेशन आणि हायपरलिंक यांचा क्रमांक त्याच्याही मागे लागतो.

रीड-ओन्ली मोड ही एक्सएमएल फाईल वरून खाली, एकेक ओळ हातावेगळी करत वाचतो. तुमच्या हातात बी४ येतो तेव्हा तो बी३ मध्ये मर्ज केलेला आहे, ही माहिती फाईलमध्ये अजून लाखो ओळी पुढे असते. बी४ मध्येच तशी खूण असती, तर प्रश्नच उद्भवला नसता. ओपनडॉक्युमेंटच्या ओडीएस फायलींमध्ये तशी व्यवस्था आहे. तिथे मुख्य सेलवरच तो किती ओळी आणि किती रकाने व्यापतो, हे लिहिलेले असते, आणि झाकलेल्या सेलसाठी वेगळा टॅग असतो. एक्सएलएसएक्समध्ये सेलचा टॅग या बाबतीत काहीही बोलत नाही.

शेवटाकडे थेट उडी मारून ती माहिती आधी आणावी, असे कुणालाही सुचेल. पण झिपमधील शीट डिफ्लेट पद्धतीने आकुंचित केलेली असते आणि त्या प्रवाहात मधूनच शिरता येत नाही. शेवटचे चार शब्द वाचायचे, तरी सुरुवातीपासून सगळे उलगडावे लागते. पायथॉनच्या ३.७ आवृत्तीपासून झिपमधील फाईलवर हवी ती जागा गाठण्याची सोय आहे, पण पडद्यामागे तीही हेच करते.

जाता जाता पांडास या पायथॉनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीविषयी. पांडास ओपनपायएक्सएलच्या साहाय्याने एक्सेल वाचतो तेव्हा तो फाईल रीड-ओन्ली मोडमध्येच उघडतो, त्यामुळे मर्जची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. इंडेक्सचे अनेक रकाने दिले असता तो रिकाम्या जागा वरच्या मूल्याने भरतो खरा, पण ती भरणी तुम्ही म्हणता तशीच सरसकट असते. तुमच्या बी१८ चा घोटाळा तिथेही होणार.

---

टेस्ट_आधी

वरील उत्तर नेमके आहे. आता कोडमध्ये काय आहे ते सांगतो, कारण चित्र वाटते त्यापेक्षा बरेच आशादायक आहे.

लायब्ररीच्या वर्कशीट या विभागात दोन फायली पाहा: एक शीटचे एक्सएमएल वाचणारी आणि दुसरी रीड-ओन्ली शीटची. एक्सएमएल वाचणारा वर्कशीटपार्सर हा वर्ग दोन्ही मोडमध्ये एकच आहे. त्याच्या मुख्य फेरीत प्रत्येक टॅगसाठी काय करायचे, याची कोष्टके आहेत, आणि त्यांत मर्जसेल्स हा टॅगही आहे. पार्सर शेवटपर्यंत चालला, तर तो हा टॅग वाचतो आणि सापडलेली यादी स्वतःकडे ठेवतो. सामान्य मोडमध्ये पुढे आणखी एक वर्ग ती यादी उचलून शीटला जोडतो. रीड-ओन्ली शीट मात्र ओळी मागण्यापुरता पार्सर बनवते, ओळी संपल्या की तो सोडून देते आणि त्याच्यासोबत यादीही जाते. कमाल ओळ दिलेली असेल आणि तिच्या पुढची ओळ लागली, तर फेरी तिथेच थांबते आणि पार्सर मर्जसेल्सपर्यंत पोहोचतही नाही.

म्हणजे वाचण्याचे काम लायब्ररीला आधीपासून येते. ते केव्हा करायचे आणि त्याचा खर्च कुणी सोसायचा, एवढेच ठरवायचे आहे. मला तीन मार्ग दिसतात.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ओळींची फेरी पूर्ण झाली की पार्सरकडील यादी शीटवर ठेवून देणे. यात जादा वाचन शून्य आहे, पण हा मार्ग मी सुचवणार नाही. एकच गुणधर्म फेरीआधी रिकामा, अर्धवट फेरीनंतरही रिकामा आणि पूर्ण फेरीनंतर भरलेला, असे वागणे वापरणाऱ्याला अनाकलनीय वाटते, आणि अशा सोयीमुळे आलेल्या तक्रारींना उत्तरे देण्यात मेंटेनरचा, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याचा, वेळ जातो. दुसरा मार्ग म्हणजे फाईल उघडतानाच प्रत्येक शीट एकदा शेवटपर्यंत वाचणे. हा तर सपशेल नाकारला जाईल आणि तो नाकारलाच पाहिजे, कारण ज्यांना फक्त पहिल्या दहा ओळी हव्या आहेत, त्यांनाही पूर्ण शीटचा भुर्दंड पडेल. रीड-ओन्ली मोडचा हेतूच त्याने नाहीसा होतो.

तिसरा मार्ग मला योग्य वाटतो: रीड-ओन्ली शीटवर एक स्वतंत्र मेथड असावी. ती बोलावली तरच शीटची वेगळी फेरी होईल, मर्ज केलेल्या श्रेणींची यादी मिळेल आणि ती जपून ठेवली जाईल, म्हणजे दुसऱ्यांदा मागितल्यास वाचन होणार नाही. रीड-ओन्ली शीट प्रत्येक फेरीसाठी झिपमधील फाईल नव्याने उघडते, त्यामुळे या जादा फेरीचा तुमच्या चालू फेरीवर परिणाम होत नाही. ही सोय गुणधर्म म्हणून न देता मेथड म्हणूनच द्यावी, असा माझा आग्रह आहे. गुणधर्म वाचणाऱ्याला वाटते की तो फुकट आहे, आणि इथे तर एका शब्दामागे लाखो ओळींचे वाचन दडलेले असेल.

या रचनेला लायब्ररीतच पूर्वाधार आहे. काही प्रोग्राम शीटची व्याप्ती चुकीची लिहितात; पूर्ण भरलेल्या शीटची व्याप्ती फक्त ए१ अशी नोंदवलेली असते आणि रीड-ओन्ली मोड त्यावर विश्वास ठेवतो. त्यासाठी व्याप्ती तपासण्याची आणि ती पुसून टाकण्याची स्वतंत्र मेथड दिलेली आहे, जी गरज असेल त्यानेच बोलवायची. तुमच्या प्रस्तावात या उदाहरणाचा उल्लेख जरूर करा.

---

मंडळनिहाय

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पार्सर ही यादी वाचतो आणि ती वाऱ्यावर सोडली जाते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

आता दोन शंका आहेत. पहिली वेगाविषयी. मर्जची यादी मिळवण्यासाठी पार्सर पूर्ण चालवला, तर प्रत्येक ओळीतील प्रत्येक सेलचे मूल्य पुन्हा एकदा तयार होईल, तारखा पुन्हा रूपांतरित होतील आणि हे सगळे फेकून देण्यासाठीच होईल. त्याऐवजी उलगडलेल्या मजकुरात मर्जसेल या टॅगचा थेट शब्दशोध घेतला, किंवा पायथॉनसोबत येणारा एक्सपॅट पार्सर थेट वापरला, तर काम फार लवकर होईल असे वाटते. लायब्ररीत असे करणे योग्य ठरेल का?

दुसरी शंका अशी, की लायब्ररीने मर्ज केलेल्या श्रेणीतील प्रत्येक सेलला वरच्या डाव्या सेलचे मूल्य देऊनच ओळ हाती द्यावी, असा पर्याय सोबत ठेवावा का? माझ्यासारख्या बहुतेकांना शेवटी तेच हवे असते.

---

नेमस्पेस

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण या वाटेतले खड्डे माझ्या पाहण्यातले आहेत.

शब्दशोध घेऊ नका. मर्जसेल हा टॅग प्रत्येक फाईलमध्ये त्याच अक्षरांनी सुरू होतो, असे गृहीत धरता येत नाही. एक्सेल स्वतः जतन करतो त्या फायलींत टॅगला उपसर्ग नसतो, पण मायक्रोसॉफ्टच्याच ओपन एक्सएमएल एसडीकेने तयार झालेल्या फायलींत प्रत्येक टॅगच्या आधी एक्स आणि अपूर्णविराम (x:) असा उपसर्ग दिसतो. एक्सएमएलच्या नियमांनुसार दोन्ही फायली सारख्याच वैध आहेत, कारण अर्थ ठरतो तो नेमस्पेसवरून, म्हणजे टॅग कोणत्या शब्दसंचातला आहे हे सांगणाऱ्या ओळखीवरून. तुमचा शब्दशोध दुसऱ्या प्रकारच्या फाईलवर मुकाट्याने रिकामी यादी देईल, आणि तुम्ही ज्या मूक चुकीपासून वाचू पाहता आहात, तीच वेगळ्या वाटेने परत येईल. शिवाय एखाद्या सेलमध्ये कुणी तोच मजकूर लिहिलेला असू शकतो, तुकड्यातुकड्याने वाचताना टॅग दोन तुकड्यांच्या सीमेवर तुटू शकतो, आणि फाईलचे एन्कोडिंग नेहमी यूटीएफ-८ असेलच असे नाही.

एक्सपॅट थेट वापरण्यात नेमस्पेसची अडचण सोडवता येते, परंतु तिथे सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो. एक्सएमएलमध्ये एकमेकांत गुंफलेल्या एंटिटींच्या (मजकुराऐवजी वापरायच्या संक्षेपनामांच्या) साहाय्याने चिमूटभर फाईलमधून गिगाबाइटभर मजकूर फुगवता येतो. या हल्ल्याला बिलियन लाफ्स म्हणतात. ओपनपायएक्सएल एरवी अशा हल्ल्यापासून बचाव करत नाही. डिफ्यूज्डएक्सएमएल हे पॅकेज बसवलेले असल्यास ते आपोआप वापरले जाते, आणि दस्तऐवजात तशी शिफारसही आहे. लायब्ररीच्या एक्सएमएल विभागात आयटरपार्स हे एक्सएमएल टप्प्याटप्प्याने वाचणारे फंक्शन याच निवडीतून पुढे येते. तुम्ही त्याला वळसा घालून थेट एक्सपॅट बोलावला, तर ज्याने सावधगिरी म्हणून ते पॅकेज बसवले आहे, त्याचे संरक्षण तुमच्या एका मेथडपुरते निघून जाईल. बदल तपासणाऱ्याची नजर तिथे गेली की तो बदल तिथेच थांबेल.

म्हणून लायब्ररीचेच आयटरपार्स वापरा, पण वर्कशीटपार्सरची पूर्ण यंत्रणा चालवू नका. ओळीचा टॅग संपला की तिच्यातून काहीही न काढता ती पुसून टाका आणि मर्जसेल्स मिळाला की थांबा. त्यामुळे मूल्ये तयार होणे, तारखांचे रूपांतर, सामाईक मजकुराच्या कोष्टकात शोध हे सगळे टळते. उलगडणे आणि टॅग ओळखणे एवढाच खर्च उरतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. ओळ पुसली की तिच्या आतले सेल जातात, पण ओळीचा रिकामा घटक शीटडेटाच्या पोटात तसाच लटकत राहतो. ओळी थोड्या असतील तर काही बिघडत नाही. लाखो असतील तर हे रिकामे घटकच साचून मेमरी खाऊ लागतात, आणि मेमरी वाचवण्यासाठी घातलेली सोय मेमरी खाते आहे, असे दृश्य दिसते. त्यावर उपाय असा, की शीटडेटा हा टॅग सुरू होतानाच त्याचा संदर्भ धरून ठेवायचा आणि प्रत्येक ओळ संपल्यावर ओळ न पुसता शीटडेटाच पुसायचा. त्यासाठी आयटरपार्सकडून टॅग संपल्याच्या घटनेबरोबर टॅग सुरू झाल्याची घटनाही मागावी लागते.

---

ओळवाचक

दुसऱ्या शंकेवर माझे मत स्पष्ट आहे: लायब्ररीने मूल्ये भरून देऊ नयेत. फाईलमध्ये जे आहे ते जसेच्या तसे सांगणे हे वाचणाऱ्या लायब्ररीचे काम. मर्ज केलेल्या सेलचा अर्थ काय लावायचा, हे ज्याला तक्त्याचा विषय कळतो त्याने ठरवायचे. तुमच्या तक्त्यात मर्ज केलेला तालुका खालच्या प्रत्येक मंडळाला लागू होतो, हे बरोबर आहे. पण पावसाच्या रकान्यात कुणी तीन मंडळांसाठी मिळून एकच आकडा लिहून सेल मर्ज केले असतील, तर तो आकडा तिन्ही ओळींत भरणे म्हणजे पाऊस तिप्पट करणे. फाईलमध्ये ही दोन्ही मर्ज अगदी सारखी दिसतात. लायब्ररीला त्यांतला फरक कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तो तुम्हाला कळतो, म्हणून भरणी तुमच्या कोडमध्येच हवी आणि ती फक्त जिल्हा व तालुका या रकान्यांपुरतीच हवी.

याच संदर्भात प्रस्तावात नोंदवावी अशी आणखी एक गोष्ट. झाकलेले सेल नेहमी रिकामेच असतात, असे नाही. एक्सेलच्या मेनूतून मर्ज केले, तर वरच्या डाव्या सेलखेरीज बाकीची मूल्ये जातात, पण फॉरमॅट पेंटरने मर्जचे स्वरूप दुसऱ्या भरलेल्या सेलवर उतरवले, तर खालची मूल्ये झाकली जाऊनही फाईलमध्ये शिल्लक राहतात. ओपनपायएक्सएलचा सामान्य मोड वाचतानाच अशी झाकलेली मूल्ये काढून टाकतो. रीड-ओन्ली मोड ती तुम्हाला दाखवतो. तुमची मेथड आल्यावरही हा फरक कायम राहील. तो दूर करण्याच्या मागे लागू नका, कारण त्यासाठी ओळी देण्याच्या मूळ फेरीत हात घालावा लागेल आणि जुन्या वापरकर्त्यांना मिळणारी मूल्ये बदलतील. दस्तऐवजात एक वाक्य लिहिले की पुरे.

भरणी स्वतः करताना वेगाकडेही पाहा. प्रत्येक सेलसाठी तो कुठल्या मर्ज श्रेणीत येतो का, असे यादीला विचारले, तर प्रत्येक वेळी सगळी यादी चाळली जाते. तुमच्याकडे प्रत्येक तालुक्याचा प्रत्येक दिवसाचा गट वेगळा मर्ज केलेला असेल, तर श्रेणीच हजारोंच्या संख्येने असतील आणि लाखो ओळींना हजारो श्रेणींनी गुणल्यावर प्रोग्राम रात्रभर चालत राहील. त्यापेक्षा श्रेणी आरंभीच्या ओळीनुसार क्रमाने लावून घ्या. ओळी वरून खाली येतात, तेव्हा सध्या चालू असलेल्या मोजक्याच श्रेणी हाताशी ठेवा. नवी ओळ आली की जिची सुरुवात झाली ती श्रेणी तिच्या वरच्या डाव्या मूल्यासह आत घ्यायची आणि जिची शेवटची ओळ मागे पडली ती बाहेर काढायची. अशाने यादी एकदाच चाळली जाते.

आणि सेलचा पत्ता सेलला विचारू नका. रीड-ओन्ली मोडमध्ये फाईलमध्ये नसलेल्या प्रत्येक जागी एकच सामाईक रिकामा सेल दिला जातो आणि त्याच्याकडे ओळ किंवा रकान्याचा क्रमांक नसतो. तुम्हाला नेमके अशाच सेलचे स्थान हवे आहे. त्यामुळे ओळ आणि रकाना स्वतः मोजत जा, आणि फेरी पहिल्या रकान्यापासून सुरू केलेली नसेल, तर तेवढा फरक मोजणीत धरा.

---

टेस्ट_आधी

आता बदल पाठवण्याविषयी. ओपनपायएक्सएलचा कोड गिटहबवर शोधू नका. तिथे दिसतात त्या इतरांच्या प्रती. मूळ प्रकल्प हेप्टापॉडवर आहे आणि तो मर्क्युरियल (गिटसारखीच, कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरतो. हेप्टापॉड ही गिटलॅबवरच उभारलेली व्यवस्था असल्याने इश्यू, मर्ज रिक्वेस्ट वगैरे पडदे ओळखीचे वाटतील, पण आज्ञा मर्क्युरियलच्या असतील आणि गिटमधील शाखेच्या जागी तिथे टॉपिक वापरावा लागेल. एवढ्यासाठी कुणी माघार घेऊ नये. लागणाऱ्या आज्ञा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

कोड पाठवण्याआधी इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावरील प्रस्तावाची नोंद, लिहा, आणि त्याही आधी जुने इश्यू शोधून वाचा. इश्यूमध्ये तुमच्या कामाची हकिगत चार ओळींत आणि प्रस्तावित मेथडचे वर्तन सविस्तर असावे. मेंटेनर तुमच्या तक्त्यासाठी कोड सांभाळत नसतो. त्याला हे जाणून घ्यायचे असते, की ही मेथड आल्यावर आधीचे काही बदलते का, तिचा खर्च कुणावर पडतो आणि पुढे तिच्यातून कोणत्या मागण्या उगवतील. आज मर्ज, उद्या हायपरलिंक, परवा डेटा व्हॅलिडेशन, ही मागणी येणारच, कारण ते सगळेच घटक शीटडेटाच्या नंतर येतात. म्हणून मेथड फक्त मर्जपुरतीच मागत आहात, हे स्पष्ट लिहा, आणि आतले फंक्शन असे ठेवा, की पुढे गरज पडल्यास दुसरा टॅगही त्याच वाटेने वाचता येईल.

टेस्टविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चाचण्यांविना आलेला बदल तिथे पुढे सरकत नाही. लायब्ररीच्या प्रत्येक विभागात टेस्टचा स्वतंत्र फोल्डर आहे आणि त्या पायटेस्टने चालतात. तुमची खरी फाईल टेस्टमध्ये घालू नका. ती मोठी आहे, इतरांची आहे, आणि टेस्ट नापास झाली तर कारण शोधायला कुणाला सापडणार नाही. पाचसहा ओळींचे शीटचे एक्सएमएल हाताने लिहा आणि तेच टेस्टला द्या. एका टेस्टमध्ये साधी श्रेणी असावी, एकीत टॅगला उपसर्ग असावा, आणि एकीत ओळींची फेरी अर्धवट सोडून मग मेथड बोलावलेली असावी. फेरी चालू असतानाच मेथड बोलावल्यास ओळींचा क्रम बिघडत नाही, याचीही टेस्ट हवी. ती लिहायला सोपी आहे आणि तपासणाऱ्याची मोठी शंका तिने मिटते. यानंतर एक्सेल, लिब्रेऑफिस आणि गूगल शीट्स यांतून जतन केलेली प्रत्येकी एक लहान फाईल स्वतःच्या संगणकावर तपासून पाहा आणि तसे केल्याचे इश्यूत लिहा.

बदल स्वीकारला जाऊन नवी आवृत्ती येईपर्यंत तुमचे काम अडून राहू नये. हेच फंक्शन सध्या तुमच्या स्क्रिप्टमध्ये ठेवता येईल. फक्त शीट एक म्हणजे झिपमधील पहिल्या क्रमांकाची फाईल, असे धरू नका. शीटचे नाव वर्कबुकच्या एक्सएमएलमध्ये असते, तिथून संबंधाची ओळख (रिलेशनशिप आयडी) मिळते आणि त्या ओळखीवरून संबंधांच्या फाईलमध्ये खरा मार्ग सापडतो. शीट पुढेमागे केल्या किंवा मधली काढून टाकली, की क्रमांक आणि क्रम यांची फारकत होते. दुसरा पर्याय म्हणजे रस्टमध्ये लिहिलेली कॅलामाईन ही लायब्ररी. तिच्यात एक्सएलएसएक्सच्या मर्ज श्रेणी वाचण्याची सोय आहे आणि तिचे पायथॉन आवरणही उपलब्ध आहे. पांडासमध्ये २.२ आवृत्तीपासून कॅलामाईन इंजिन म्हणून निवडता येते, पण त्या वाटेने गेलात तर मर्जची माहिती बाहेर येत नाही. त्यासाठी आवरणाशी थेट बोलावे लागते.

---

मंडळनिहाय

इश्यूचा मसुदा तयार केला आहे. मुख्य भाग असा:

"रीड-ओन्ली शीटवर मर्ज केलेल्या श्रेणी देणारी एक मेथड असावी. ती बोलावल्याशिवाय कोणतेही जादा वाचन होणार नाही आणि ओळींच्या फेरीत कोणताही बदल होणार नाही. मेथड शीटचे एक्सएमएल लायब्ररीच्याच आयटरपार्सने स्वतंत्रपणे वाचेल, ओळींमधून मूल्ये तयार करणार नाही, वाचताना शीटडेटा रिकामा करत राहील आणि मर्जसेल्स हा घटक मिळताच थांबेल. मिळालेली यादी शीटवर जपून ठेवली जाईल. मर्ज केलेल्या सेलमध्ये मूल्ये भरणे आणि झाकलेली मूल्ये काढून टाकणे या दोन्ही गोष्टी या प्रस्तावात नाहीत. मर्ज श्रेणी नसलेल्या शीटसाठी मेथड काहीही परत देणार नाही."

यात काही सुधारणा सुचवावीशी वाटल्यास कृपया सांगावी.

---

नेमस्पेस

शेवटचे वाक्य बदला. मर्ज नसलेल्या शीटमध्ये मर्जसेल्स हा घटकच नसतो, आणि अशा शीट सर्वांत जास्त असतात. तिथे मेथडने काहीच परत दिले नाही, तर वापरणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी आधी तपासणी लिहावी लागेल आणि ती विसरली की प्रोग्राम कोसळेल. सामान्य मोडमध्ये अशा शीटसाठी रिकामा संच मिळतो. तुमच्या मेथडनेही त्याच प्रकारचा रिकामा संच द्यावा, म्हणजे एकच कोड दोन्ही मोडमध्ये चालेल. तो रिकामा संचही जपून ठेवला जातो ना, हे टेस्टमध्ये पाहा. यादी आहे की नाही, एवढ्यावरून वाचनाचा निर्णय घेतला, तर रिकामी यादी म्हणजे अजून वाचलेच नाही, असा अर्थ निघेल आणि मर्ज नसलेली शीट प्रत्येक वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाईल. तिथे मर्जसेल्स भेटून लवकर थांबण्याचीही शक्यता नसते, म्हणून नेमका तिथेच हा खर्च सर्वाधिक होईल.

बाकी मसुदा पाठवण्याजोगा आहे.